चैत्रातली चढण

रुखमाबाई कल्ला उचलून पाहिल्याशिवाय सख्ख्या भावाकडूनही मासा घेत नसे. सावली गावाच्या आठवडी बाजारात तिचा तसा लौकिकच होता. बोटाने कल्ला वर करायचा, आतला रंग बघायचा, पोटावर अंगठा दाबायचा, आणि मनात भरलं नाही तर समोरच्याच्या तोंडावर सांगायचं की हा कालचा आहे, घेऊन जा. त्यामुळे गिऱ्हाइकं तिच्याकडून डोळे मिटून मासा नेत. बाई तोंडाची फटकळ, पण मालात खोट नाही, असं मैनासुद्धा कबूल करी. मैना तिची शेजारीण. दोघींचं दिवसातून एकदा भांडण आणि दोनदा चहा, असा अनेक वर्षांचा परिपाठ होता.

एकच मासा असा होता, की जो रुखमा तपासत नसे. चढणीचा पहिला मासा.

मृगाच्या पाण्याने नाले भरले, की तलावातले मासे त्या येणाऱ्या धारेला उलटे भिडतात आणि वर वर, धानाच्या खाचरांपर्यंत, बांध्यांपर्यंत चढत जातात. तीच चढण. गुंजबोडीच्या ढिवरमोहल्ल्यात, मासेमारांच्या वस्तीत, त्या दिवशी सणच असतो. नाल्याच्या तोंडाशी हाती लागलेला पहिला मासा मोहल्ल्यातल्या बाळंतिणीच्या घरी जातो. घरची बाई पदर पसरते, मासा त्यात पडतो, आणि तो जसा आला तसा चुलीवर जातो. त्याचा कल्ला उचलायचा नाही, वजन करायचं नाही, लहान की मोठा हे म्हणायचं नाही. डोकं आणि काळीज बाळंतिणीलाच. त्याने दूध उतरतं. आणि तिने खाल्ल्याशिवाय मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाच्या चुलीवर चढणीचा मासा शिजत नाही. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, ते विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

या वर्षी रुखमाच्या घरातच बाळंतीण होती. थोरली लेक दुर्गा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई भूपेश चामोर्शीकडे ट्रॅक्टर चालवायचा, तो पोराचं तोंड पाहून परत कामाला गेला होता. पोरगा झाला होता, चांगला गोरागोमटा, पण दुर्गाला दूध काही येईना. पोर छातीला लावलं की दोन घोट ओढायचं आणि मग चिडून लाल व्हायचं. गावची आशा कार्यकर्ती दिव्या रोज येऊन बसायची, पोराला कसं धरायचं ते दाखवायची, भरपूर पाणी पी म्हणायची. रुखमाने जवस भाजून घातले, मेथी घातली, खोबरं घातलं. दूध मात्र थेंब थेंबच. रात्रभर नातू रडायचा आणि रुखमा छताकडे बघत पडायची.

"माय, मले दूध येनच नाई का?" दुर्गा एकदा विचारून गेली.

"येते. सगळ्यायले येते. तुले बी येईन," रुखमा म्हणाली. बाजारात इतक्या ठामपणे बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज तिलाच पोकळ वाटला.

आणि उन्हाळा तर असा, की विचारू नका. चैत्र अर्धा सरला नव्हता आणि दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. तलाव आटत आटत मधल्या खोलगट भागात जमा झाला होता. उरलेलं पाणी कोमट, जाड, आणि वर हिरवी साय धरलेली. मच्छिमार संस्थेने सोडलेले रोहू, कतला, मिरगल त्यातच दाटीवाटीने राहत होते. पहाटे तोंडं वर काढून हवा गिळत. रुखमाचा नवरा वारलू रोज काठावर जाऊन उकिडवा बसायचा आणि ते बघायचा. पाणी वाचणारा माणूस म्हणून तालुक्यात त्याचं नाव. जाळं कुठे टाकायचं, कधी टाकायचं, हे मच्छिमार संस्थेचे अध्यक्ष नानाजीसुद्धा त्याला विचारल्याशिवाय ठरवत नसत. पण त्या उन्हाळ्यात वारलू घरी येऊन जेवताना गप्प राहू लागला. काय झालं विचारलं, तर म्हणायचा, "पाणी बोलून नाई राह्यलं."

तलावाच्या वरच्या अंगाला बांध्यांमध्ये उन्हाळी धान हिरवागार उभा होता. उकाड्याने त्याच्यावर कीड अशी पडली, की लोक आठवड्याआड फवारे मारत होते. मोहल्ल्यातलीच चार माणसं पंप पाठीवर घेऊन रोजीने फवारायला जात. त्यात नवल काही नव्हतं. दरवर्षी जात.

मग एका संध्याकाळी आभाळ एकाएकी काळं झालं. वारा सुटला, मोहल्ल्यातले दोन टिनाचे पत्रे उडाले, मैनाच्या अंगणातला शेवगा मोडून आडवा झाला, आणि गारा पडल्या. गारांमागून पाऊस. तासभर धो धो कोसळला. नाला, जो पंधरा दिवसांपासून कोरडा ठणठणीत होता, तो बांध्यांमधलं सगळं पाणी घेऊन तलावात उतरला. लोकांनी अवकाळीला शिव्या घातल्या, आणि रात्री गारव्यात बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले. रुखमाचा नातूही झोपला.

सकाळी वारलू धावत घरी आला. साठीचा माणूस, पण धोतराचा सोगा हातात धरून पोरासारखा धावत आला.

"दुर्गाची माय! चढण आली!"

रुखमाला वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलं. "चैतात? चढण? झोपेत आहा का अजी?"

"चाल, पाह्य स्वतः. नाल्याच्या तोंडाशी मासा मावून नाई राह्यला. रोहू, मिरगल, कतला, सगळे डोकं वर करून उभे."

"पण मिरग कुठी, चैत कुठी?"

यावर वारलूने जे उत्तर दिलं, ते नंतर रुखमाच्या कानात कित्येक दिवस वाजत राहिलं. तो हसून म्हणाला, "सगळे बोलून राह्यले ना, का हवामान बदललं म्हणून? पावसाचंच टायमटेबल बिघडलं, तं माशाचं काऊन नाई बिघडन?"

आणि तिला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. टीव्हीवर तेच सांगत होते, दिव्या बैठकीत तेच सांगत होती, नानाजी भाषणात तेच सांगत होते. बदललं म्हणतात ना, मग बदललंच. चढण दोन महिने आधी आली. बाळंतीण घरात असताना आली, पोराला दूध हवं असताना आली. रुखमाच्या मनात आलं, देवाला निदान या वेळी तरी घराचा पत्ता सापडला.

तलावावर अर्धा मोहल्ला जमला होता. नाल्याच्या तोंडाशी मासे खरोखरच खच्चून भरले होते. रुखमाने तिथे उभं राहून पाहिलं आणि तिला एक गोष्ट खटकली. चढणीचा मासा धरायला माणसाचा जीव निघतो. तो हाताला लागत नाही, लागला तर निसटतो, पाण्यातून उडी मारून माणसाच्या तोंडावर आदळतो. हे मासे मात्र हात घातला की हातात येत होते. पोरं हसत हसत उचलत होती. वारलूने खाली वाकून एक मोठी मरळ उचलली, दोन्ही हातांवर आडवी धरली, आणि मोठ्याने म्हणाला, "पाहा, आपल्या पायानं आली."

"पायानं नाई गा, पंखानं," मैना म्हणाली आणि सगळे हसले.

रुखमाने पदर पसरला. मरळ त्यात पडली. चढणीचा पहिला मासा पदरात असा तडफडतो, की लुगडं धरून ठेवावं लागतं. ही नुसती पडली. शेपटी एकदा हलली आणि मग अंगाला अंग लावून राहिली, जड आणि गार. रुखमाचं बोट सवयीने कल्ल्याकडे गेलं. तेवढ्यात तिला आठवलं, आणि तिने बोट मागे घेतलं.

चढणीच्या माशाचा कल्ला बघायचा नसतो.

तिने घरी येऊन जवसाच्या तेलात रस्सा केला. तिखट कमी, कैरीची एक फोड. डोकं आणि काळीज वेगळं काढून पितळीत ठेवलं. दुर्गाने भाताबरोबर सगळं खाल्लं, रस्सा वाटीने प्याली, आणि डोकं चोखून साफ केलं. रुखमा समोर बसून बघत होती. लेक पोटभर खाते आहे, एवढ्यानेच तिला बरं वाटलं. मग दाराबाहेर येऊन तिने मोहल्ल्याला हाक दिली, "खाल्लं वो बाई तिनं!" म्हणजे आता सगळ्यांनी चुली पेटवायला हरकत नव्हती. तिकडे नानाजींनी पिकअप बोलावून टोपल्या भरायला घेतल्या होत्या. त्या दिवशी सावलीचा बाजार होता, आणि तो दुपारनंतरच भरतो. वर्षातला सगळा मासा एका सकाळी हाती आला होता, आणि तो उन्हात टिकणार नव्हता.

दुर्गा उठून मोरीकडे गेली आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

आधी वाटलं, जास्त खाल्लं म्हणून ओकली. मग ती थांबेचना. पोटात कळ येऊन वाकली, अंगावर घाम फुटला, चोळी भिजली, तोंडातून लाळ गळायला लागली. बोलायचा प्रयत्न करत होती, पण जीभ जड झाली होती. हातांची बोटं आपोआप थरथरत होती, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. रुखमाने तिला धरलं आणि मैनाला हाक मारली. मैनाची हंडी चुलीवर चढली होती. ती तशीच टाकून आली. दुर्गाला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दिव्याने फोन लावला. रुग्णवाहिका यायला वेळ लागणार होता, म्हणून मोहल्ल्यातल्या लच्छूची काळीपिवळी जीप काढली. मैनाने पोराला पदरात गुंडाळून घेतलं, रुखमाने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी सुरू होणार, तोच नानाजी खिडकीशी आले. माणूस वाईट नव्हता. मोहल्ल्यातल्या पोरांच्या शाळेची फी भरलेला माणूस. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मागे पिकअपमध्ये टोपल्या चढत होत्या.

"रुखमाबाई, डॉक्टरनं इचारलं तं खरबूज सांगजो. उन्हाचं खरबूज बाधलं म्हणजो. मासोळीचं नाव काढलं तं आज सावलीत आपला मासा कोणी शिवन नाई. मोहल्ल्याचं वर्ष हाय त्या गाडीत."

रुखमाने लेकीचं डोकं मांडीवर सावरलं. पण त्या गाडीत तिच्याही टोपल्या होत्या, आणि ते तिला माहीत होतं. बाजारातला तिचा कोपरा, तिचं नाव, तिच्याकडून डोळे मिटून मासा नेणाऱ्या बायका, हे सगळं तिला त्या क्षणी आठवलं. लेक मांडीवर असताना माणसाला असलं काही आठवू नये. पण आठवलं.

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीचा मोठा दवाखाना गाठेपर्यंत दुर्गाच्या डोळ्यांतून आणि नाकातून एकसारखं पाणी वाहत होतं. नदीत मात्र पाण्याची एक बारीकशी पट्टी होती आणि बाकी सगळी वाळू. रुखमाचं लक्ष तिकडे नव्हतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. घाईत होत्या, पण मायेने बोलत होत्या. "काय खाल्लं होतं हिने?"

"खरबूज," रुखमा म्हणाली.

मैनाने तिच्याकडे असं बघितलं, की भिंतीला भोक पडावं. रुखमाने मान फिरवली.

नर्सने सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाळ्यात अशा केसेस खूप येतात, घाबरू नका. रुखमा पायथ्याशी बसून राहिली. दुर्गाची छाती वर-खाली होताना घरघर वाजत होती, घशात पाणी अडकल्यासारखी. एकदा तिने डोळे उघडले, आणि रुखमाने ते डोळे पाहिले. लेकीचे काळेभोर डोळे. त्यांतली बाहुली मोहरीएवढी झाली होती. त्या बाहुलीतून दुर्गा आपल्याकडे बघते आहे की नाही, हे रुखमाला कळेना.

डॉक्टरीणबाई परत आल्या. बॅटरीने डोळे बघितले, छाती तपासली, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी रुखमाला बाजूला घेतलं. आता आवाज मायेचा नव्हता.

"आई, खरं सांगा. हिने काही औषध घेतलं का?"

"कसलं औषध?"

"फवारणीचं. घरात डबा आहे का? नवऱ्याशी काही भांडण झालं होतं? सासरी काही त्रास? मला पोलिसांना कळवावं लागेल, ते नंतरचं, पण आधी मला सांगा, काय घेतलं आणि किती."

रुखमाला आधी प्रश्नच समजला नाही. मग समजला. या बाई म्हणत होत्या, की आपल्या दुर्गाने, ओल्या बाळंतिणीने, पोराला टाकून विष घेतलं. फवारणीचं. पोरीच्या अंगात फवारणीचं विष कुठून आलं? वरच्या बांध्या, पाठीवर पंप घेतलेली माणसं, तासभर धो धो पडलेला पाऊस, आणि ते सगळं पाणी पोटात घेऊन तलावात उतरलेला नाला, हे एकामागून एक तिच्यासमोर आलं. पदरात पडलेली ती जड, गार मरळ आली. कल्ल्याकडून मागे घेतलेलं आपलंच बोट आलं.

"तिनं काही नाई घेतलं बाई," ती म्हणाली. "मी देल्लं."

"काय दिलं?"

"मासा. खरबूज नाई. मी खोटं बोलली. तलावातला मासा. डोकं देल्लं, काळीज देल्लं. सगळं तिलेच देल्लं. तिचा मान होता."

डॉक्टरीणबाई वळल्या आणि धावल्या. नर्सला हाका, ट्रॉलीचा आवाज, इंजेक्शनं. रुखमाला कोणी रागावलं नाही. कोणीतरी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मैना पोराला थोपटत उभी होती. ती फक्त म्हणाली, "फोन लाव. माझी हंडी चुलीवर हाय. पोरं घरी हाय."

तेव्हा कुठे रुखमाला मोहल्ला आठवला. तिने स्वतःच दारात उभं राहून हाक दिली होती.

वारलूने फोन उचलला तेव्हा तिकडे एकदम शांत होतं. ती सांगायला लागली, तर तो मध्येच म्हणाला, "माहीत झालं."

"काय माहीत झालं? सांगा सगळ्यायले, शिवू नका म्हणा! टोपल्या थांबवा!"

"मरळी बी पडल्या दुर्गाची माय," वारलू म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्याचा झाला होता. "रोहू-कतला पाण्यात दम घुटून मरते, ते समजते. पण मरळ तं वरून हवा घेते. चिखलात बी जगते. ते पडली म्हणजे दम नाई घुटला. ते चढण नोती. तलाव तापला होता, म्हणून गार पाण्याच्या आशेनं नाल्याच्या तोंडाशी आले बिचारे. आन् त्याच पाण्यानं मेले. मी... मी आपल्या पायानं आली म्हणलो."

"आता ते नका बोलू. हंड्या!"

"दिव्या फिरून राह्यली घरोघरी. ओतून देऊन राह्यली. दोघा-तिघांनी घास खाल्ला, त्यायले तिनं गाडीत घातलं. बाकीचे वाचले. सगळे दुर्गासाठी थांबले होते. तिनं खाल्ल्याशिवाय कोणी चूल नोती पेटवली, म्हणून वाचले."

"आन् पिकअप?"

"ते आधीच गेली सावलीले."

रुखमाने फोन कानाशी घट्ट धरला. नानाजींचं वाक्य तिच्या डोक्यात होतं. मोहल्ल्याचं वर्ष. आणि त्याच्या शेजारी, सावलीच्या बाजारातल्या त्या बायका होत्या, रुखमाचा मासा आहे म्हणून न बघता पिशवीत टाकणाऱ्या. त्यांच्याही घरी लेकी होत्या, सुना होत्या.

"तुमी जा," ती म्हणाली. "कोणाची बी गाडी घ्या, पण जा. एक मासा विकू देऊ नका. रुखमानं सांगतलं म्हणा, विष हाय. माझं नाव घ्या."

वारलू गेला. मोहल्ल्यातल्या सुनीलच्या मोटारसायकलवर मागे बसून गेला, हे नंतर मैनाला फोनवर कळलं. बाजाराच्या तोंडाशीच पिकअप लागली होती, आणि गिऱ्हाइकं गोळा व्हायला लागली होती. वारलू टोपल्यांवर चढून बसला आणि खाली उतरेना. नानाजी ओरडले, मोहल्ल्यातल्या पोरांनी त्याचे पाय धरून ओढले, कोणी म्हटलं म्हातारा पिऊन आला. तो एकच वाक्य बोलत राहिला, की माझी लेक दवाखान्यात आहे. शेवटी नानाजीच खाली बसले आणि तोंडावर गमछा घेऊन रडायला लागले. संध्याकाळी सगळा मासा गावाबाहेर खड्डा खणून पुरला. त्यावर चुना टाकला. तलावात वर आलेला आणखी मासा काढायलाही लोकांना दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत गुंजबोडीत कोणी बसून नीट जेवलं नाही, इतकी घाण सुटली होती.

दुर्गा त्या संध्याकाळी गेली असती. डॉक्टरीणबाईंनी तसं नंतर स्पष्टच सांगितलं. थोडा आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं. त्यांनी "उशीर" हा शब्द सहज वापरला. तो उशीर खरबुजाचा होता.

पण दुर्गा वाचली, आणि मोहल्ल्यातून आणलेले ते दोघे-तिघेही. तोंडात नळी घालून तिला दुसऱ्या खोलीत ठेवलं. बाहेरच्या बाकावर रुखमाने रात्र काढली आणि दुसरी रात्रही काढली. भूपेश चामोर्शीहून आला, काही न विचारता सासूच्या शेजारी बसला, आणि तिला पाण्याची बाटली दिली. त्याला कोणी काय सांगितलं होतं, देव जाणे. वारलू दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला, पण आत आला नाही. कडुनिंबाखाली उकिडवा बसून राहिला, तलावाच्या काठी बसायचा तसा. समोर मात्र पाणी नव्हतं, सायकल स्टँड होतं.

पोराला नर्स वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजत होती. पोराला काही झालं नव्हतं. सगळ्यांनी हात जोडले. बरं झालं आईला दूध नव्हतं, असं एक बाई बोलून गेली. रुखमाने ते ऐकलं आणि तिला त्या बाईचा रागही येईना, कारण बाई खरंच बोलत होती.

नळी काढली त्या दिवशी दुर्गाने पहिल्यांदा पाणी मागितलं, मग पोराला मागितलं. आवाज बसलेला होता. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं रुखमाच्या मनात रोज यायचं आणि रोज ती उठून पाणी आणायला जायची. डॉक्टरीणबाईला सांगितलं होतं, वारलूला सांगितलं होतं, सगळ्या सावलीला सांगितलं होतं. लेकीला सांगता येत नव्हतं. दुर्गाला वाटत होतं, की ऊन लागलं.

सकाळी रुखमा तिचं अंग पुसायला गेली. पदर बाजूला केला तर झंपर पुढून ओलं गच्च. रुखमाला वाटलं घाम. मग तिने हात लावला. दोन्ही छात्या भरून दगडासारख्या झाल्या होत्या आणि आपोआप गळत होत्या. इतक्या दिवसांत थेंब थेंब येणारं दूध, आता वाट मिळत नव्हती इतकं आलं होतं.

नर्स जवळून जाताना थांबली. "आलं का? छान. पण पाजायचं नाही हां अजून. मॅडमनी सांगितलंय, तिच्या अंगातलं सगळं जायचंय, औषधंही चालू आहेत. काढून टाकायचं. दर दोन-तीन तासांनी काढा, नाहीतर गाठी होतील." आणि तिने स्टीलची वाटी रुखमाच्या हातात दिली.

खिडकीशी मैनाच्या खांद्यावर पोर भुकेने रडत होतं. दुधाचा वास त्याला कळत असावा. ते सारखं आईच्या दिशेने मान वळवत होतं.

रुखमाने वाटी धरली आणि पिळायला सुरुवात केली. घट्ट, पिवळसर दूध. धार वाटीच्या तळाशी आवाज करत पडत होती. दुर्गा उशीला टेकून बघत होती. चेहरा ओढलेला होता, पण किती दिवसांनी तिच्या ओठांवर थोडं हसू आलं होतं.

"पाह्य माय," ती हळूच म्हणाली. "आलं. तू म्हणत होती ना, पहिल्या माशानं येते म्हणून."

रुखमाने "हो" म्हटलं.

वाटी भरली. तिने ती कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओतली, नळ सोडून धुतली, आणि परत येऊन दुसऱ्या छातीखाली धरली.